आमच्या घराची पहिली किंमत लाकूडवाल्यानं केली

गेल्या दिवाळीत, भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या पिंपरी पेंढारच्या घरासमोर एक रिकामा टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून उतरलेल्या माणसानं आधी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मग ओसरीतल्या खांबांवर बोटांनी टकटक केली, मान वर करून तुळया मोजल्या आणि चहा येईपर्यंत आकडा सांगून मोकळा झाला. खांब, तुळया, दरवाजा, माजघरातलं फडताळ, सगळं मिळून. रोख. उतरवून न्यायची मजुरीही त्याचीच. "दगड-माती तुम्हाला राहू द्या," असंही वर म्हणाला.

आमचं घर शंभर वर्षांहून जुनं आहे. इतक्या वर्षांत त्याची किंमत करायला आलेला हा पहिला माणूस. खांब सागाचे आहेत, सांधे खिळ्याशिवाय बसवलेत, चौकटीवरच्या गणेशपट्टीचं कोरीवकाम हाताचं आहे, हे त्याला पंधरा मिनिटांत कळलं. एवढं सरकारच्या एकाही कागदाला आजवर कळलेलं नाही. तो माणूस मला वाईट वाटला नाही. तो त्याचा धंदा करतो. आमचे खांब पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या हॉटेलात जातील, त्यांना वॉर्निश लागेल आणि त्याखाली बसून माझ्याच वयाची मुलं 'काय व्हाइब आहे' म्हणून फोटो काढतील. कदाचित मीही काढीन.

माझं भांडण वेगळ्या गोष्टीशी आहे. जुनी घरं एका रात्रीत पडत नाहीत. वेळेवर न मिळालेल्या छोट्या मदतीमुळे ती वर्षानुवर्षं थोडीथोडी पडत राहतात. ही मदत देऊ शकेल इतकं जवळ एकच सरकार आहे: ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद. आणि नेमकं तेच सरकार या विषयात कुठंच नाही. कारण आपण त्यांच्याकडे रस्ता मागितला, पाणी मागितलं, सभामंडप मागितला. हे कधी मागितलंच नाही.

आमच्या घराचं काय झालं ते सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल.

गावात त्याला वाडा म्हणतात, पण तो काही सरदाराचा वाडा नव्हे. सात खणांचं घर. दगडी जोतं, कमरेपर्यंत घडीव दगड, वर मातीच्या कच्च्या विटांच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती, पुढं ओसरी, आत माजघर, धान्यासाठी बळद, वर माडी, मागं परसदार. पुढचं छप्पर आणि मागचं छप्पर जिथं मिळतं तिथं पत्र्याची एक पन्हळ आहे. दोन्हीकडचं पाणी तिच्यात पडतं आणि बाहेर जातं. एका उन्हाळ्यात ती पन्हळ फाटली.

नवा पत्रा, दोन माणसं, एक दिवस. खर्च चार-पाच हजार. पण घराचे हिस्सेदार चार. थोरले चुलते म्हणाले, धाकट्याच्या बाजूला गळतंय, त्यानं करावं. धाकटे म्हणाले, पन्हळ सामाईक आहे. आत्याचं नाव उताऱ्यावर आहे, तिला कुणी विचारलंच नाही. माझे वडील आजारी होते. मी वाकडला टू बीएचकेत बसून फॅमिली ग्रुपवर 'करून घेऊ या' असं लिहिलं आणि वर अंगठा टाकला. त्या अंगठ्यावर तीन पावसाळे गेले.

पहिल्या पावसाळ्यात पाणी भिंतीत मुरलं. दुसऱ्या पावसाळ्यात कुणीतरी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. तोच जास्त नडला, कारण मातीच्या भिंतीला श्वास लागतो. सिमेंटनं तोंड बंद केलं की आतली ओल आतच राहते. तिसऱ्या पावसाळ्यात तुळईचं भिंतीतलं टोक कुजलं, वाळवी लागली आणि माडीचा एक कोपरा चार बोटं खाली आला. आता दुरुस्तीचा अंदाज लाखांत आहे. माझ्या नोकरीत याला आम्ही रोज शिव्या देतो. सिस्टिम दोन वर्षं लॉगमध्ये वॉर्निंग देत असते, कुणी बघत नाही, आणि एक दिवस सगळं कोसळलं की मीटिंगमध्ये ठरतं, 'जुनंच आहे, नव्यानं लिहू या.' जुनं वाईट होतं म्हणून ते पडलेलं नसतं. वॉर्निंग बघायचं काम कुणाचं, हे ठरलेलं नसतं म्हणून पडलेलं असतं.

मग मी चौकशीला लागलो. एका सरकारी कार्यालयात गेलो; नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसाचा दोष नव्हता. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "घर पडलंय का?" म्हटलं, नाही, अजून उभं आहे. "पडलं असतं तर पंचनामा करता आला असता. पाडून नवं बांधणार असाल तर परवानगीचं बघू. उभं आहे त्याचं काय करायचं?"

उभं आहे त्याचं काय करायचं. सगळी गोम या वाक्यात आहे. ती त्याच्या डोक्यातून आलेली नाही, आपल्या कागदांतून आली आहे.

ग्रामपंचायतीच्या कर आकारणीची नोंदवही, ज्याला आपण नमुना ८ म्हणतो, ती उघडून बघा. २०१५ च्या नियमांनुसार घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते, आणि ते मूल्य काढताना बांधकामाच्या दराला घसारा लावतात. घर जितकं जुनं तितकं त्याचं मूल्य कमी. हिशेब म्हणून त्यात चूक नाही. घरपट्टी कमी बसते, आमचा फायदाच आहे. पण शंभर पावसाळे काढून घर उभं राहिलं या गोष्टीची सरकारी कागदावर एकच नोंद होते, आणि ती नोंद 'घसारा' या नावाची असते.

दुसरा कागद २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेचा. पुढं घरकुलाच्या याद्या याच्याच आधारावर निघाल्या. त्यात मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत म्हणजे कच्चं घर. हातानं बनवलेली कौलं म्हणजे कच्चं छप्पर. पत्रा मात्र पक्का. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता पत्र्याच्या खोलीत बसून बघा आणि मग आमच्या माजघरात येऊन बसा. पक्कं कोणतं ते अंगालाच कळेल. ज्याला घर नाही त्याला घरकुल मिळालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत २०१६ पासून सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळत आले, आणि ते अनेकांना पुरलेही नाहीत. माझा आक्षेप त्या भाषेवर आहे. एका अख्ख्या पिढीला सरकारनं शिकवलं की माती, लाकूड आणि कौल ही गरिबीची लक्षणं आहेत आणि स्लॅब हे सुटकेचं. मग माझे चुलते म्हणतात, "काय करायचाय तो वाडा? उंदरांना बांधलाय का? पाडून दोन मजली स्लॅब टाकू," तेव्हा ते वेगळं काही म्हणत नसतात. शिकवलेलंच म्हणतात.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे वारशाला पैसे मिळत नाहीत असं कुठंय? मिळतात की. पण कशाला?

आमच्या तालुक्यात शिवनेरी आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात तो आहे. त्या दिवशी माझंही स्टेटस शिवनेरीचंच होतं. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, नाणेघाट आहे. त्यांना संरक्षण आहे ते योग्यच आहे. पुण्याहून गावी येताना वाटेत राजगुरुनगर लागतं. हुतात्मा राजगुरूंचा जन्म १९०८ मध्ये तिथल्या वाड्यात झाला. तो वाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. बाबासाहेब लंडनमध्ये शिकत असताना जिथं राहिले ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये विकत घेतलं, आणि अगदी बरोबर केलं. म्हणजे घर वाचवायचं ठरवलं तर आपलं सरकार सातासमुद्रापार जाऊनही वाचवतं. अट एकच, त्या घरात मोठा माणूस राहिलेला असला पाहिजे.

आणि मोठा माणूस असूनही काय होतं, ते पुण्यात भिडेवाड्यानं दाखवलं. सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये जिथं मुलींची शाळा काढली, ती ही वास्तू. वर्षानुवर्षं कोर्टात खटला चालला, तोवर वाडा मोडकळीला येत गेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन निकाल महापालिकेच्या बाजूनं लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला. तिथं स्मारक व्हावं, भव्य व्हावं. पण ज्या जिन्यावरून त्या मुली वर गेल्या असतील, तो जिना कोणतंही स्मारक परत आणणार नाही. खटला सुरू असताना छपराची डागडुजी कुणी करायची, हा प्रश्न चार हिस्सेदारांच्या आमच्या घरापेक्षा फार निराळा नव्हता.

शहरांनी काही केलंच नाही असंही नाही. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. श्रेणी एक, दोन, तीन अशी यादी आहे, समिती आहे. वारसा इमारत पाडता येत नाही म्हणून मालकाचा बुडालेला बांधकामाचा हक्क त्याला दुसरीकडे विकता येतो, त्याला टीडीआर म्हणतात. अहमदाबादेतही महापालिकेचा वारसा विभाग नव्वदच्या दशकापासून काम करतोय, आणि २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारशात गेलं ते पोळांमधल्या लाकडी घरांसकट. पण टीडीआर चालतो तो जागेला सोन्याचा भाव असतो तिथं. पिंपरी पेंढारमध्ये चटई क्षेत्र कुणाला विकू? आमच्याकडे जागा भरपूर आहे, कौलं शाकारणारा माणूस मिळत नाही. शहराचं औषध गावाला लागू पडत नाही, कारण आजारच वेगळा आहे.

आमच्या आजारावरचं औषध मला सापडलं ते नेदरलँड्समध्ये. तिथं १९७३ मध्ये मोन्युमेंटेनवाख्त नावाची संस्था सुरू झाली. शब्दशः अर्थ घेतला तर स्मारकांचा पहारा. काम अगदी साधं. जुन्या घराच्या मालकानं सभासद व्हायचं. दरवर्षी दोन जाणकार माणसं शिडी आणि हत्यारं घेऊन येतात, छपरावर चढतात, पन्हळी साफ करतात, सरकलेलं कौल जागेवर बसवतात, आणि काय तातडीचं आहे, काय पुढच्या वर्षी चालेल, याचा कागद मालकाच्या हातात देतात. मालक थोडी फी भरतो, बाकीचा भार प्रांतिक सरकार उचलतं. मोठ्या अनुदानाची वेळ येऊ नये यासाठीचा हा छोटा खर्च.

हे वाचून मला फार काही विदेशी वाटलं नाही. आजी सांगते, मृग निघायच्या आधी गावात शाकारणी व्हायची. ठरलेली माणसं यायची, कौलं फेरायची, वासे ठोकून बघायची, कुठं वाळवी आहे ते सांगायची. त्यांना बलुतं मिळायचं. ती व्यवस्था गेली. तिच्यातला जातीचा जाच गेला हे चांगलंच झालं, पण तिचं काम करायला दुसरं कुणी आलं नाही.

जातीचा विषय निघालाच आहे तर तो टाळून पुढं जाणार नाही. ओटूरपासून आळेफाट्यापर्यंत कुठल्याही गावात जुनं मोठं घर म्हणजे बहुतेक वेळा जमीन असलेल्यांचं घर. आमच्या ओसरीच्या पायरीखाली कुणाला थांबावं लागायचं, ते आजीला नावानिशी आठवतं. मग ज्यांच्या आज्याला ती पायरी चढू दिली नाही, त्यांच्या नातवाच्या कराच्या पैशातून ती पायरी का जपायची? हा प्रश्न रास्त आहे आणि 'आपला सामायिक वारसा' असं म्हणून तो उडवता येत नाही. माझं उत्तर दोन भागांत आहे. एक, रोख पैसे मालकाला द्यायचेच नाहीत. सेवा द्यायची, आणि तीही मागेल त्या प्रत्येक जुन्या घराला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला आदिवासी वाड्यांमध्ये कारवीच्या कुडाची घरं आहेत. तीही त्याच यादीत, त्याच हक्कानं यायला हवीत. दोन, यादी तज्ज्ञांनी मुंबईत बसून करायची नाही, ग्रामसभेनं करायची. ग्रामसभेला आमची पायरी जपावीशी वाटली नाही तर नाही. पण पायरी फोडली म्हणून तो इतिहास पुसला जात नाही. फक्त दाखवायला काही उरत नाही, आणि मग उद्या आमच्याच घरातलं कुणीतरी म्हणतं, 'आपल्याकडे असलं काही नव्हतं.'

दुसरा आक्षेप जिवाचा. जुन्या भिंती माणसं मारतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत हजारो लोक गेले ते दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या छपराखाली. ते विसरून जुन्या घरांची आरती करणं पाप आहे. पण त्याच किल्लारीनंतर सरकारनं आणखी एक काम केलं होतं, जे आपण विसरलो. नवी गावं वसवली, तशीच ज्या घरांना तडे गेले पण जी उभी होती, त्यांच्या दुरुस्तीला आणि मजबुतीलाही मदत दिली. भिंतीत आरपार दगड बसवणं, वरून पट्टा फिरवणं, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार देणं, असली कामं. म्हणजे खासगी जुन्या घराच्या डागडुजीला सरकारी मदत ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. याच राज्यानं ती एकदा देऊन झाली आहे. फक्त त्यासाठी आधी भूकंप व्हावा लागला.

तिसरा आक्षेप माझ्या काकूचा, आणि तो सगळ्यात खरा. ती म्हणाली, "तुला फोटो काढायला घर हवंय. मला रात्री परसदारी जायला भीती वाटते." आमच्याकडे बिबट्या ही बातमी नसते, शेजार असतो. संडास-बाथरूम घराच्या आत हवं, गॅसची शेगडी ठेवायला ओटा हवा, मुलीला अभ्यासाला उजेड हवा. यातली प्रत्येक गोष्ट जुन्या घरात करता येते, पण कशी करायची ते सांगणारं कुणी नाही. स्लॅबचा ठेकेदार मात्र दारात उभा आहे. वारसा म्हणजे खिळाही ठोकायचा नाही असं ज्याला वाटतं, त्यानं आधी एक पावसाळा आमच्याकडे राहून बघावं.

मग मागायचं काय? चारच गोष्टी.

पहिली, यादी. नमुना ८ मध्ये घराचं वय आणि बांधकामाचा प्रकार लिहिण्याची सोय आहेच. त्यावरून प्रत्येक ग्रामपंचायतीला पन्नास वर्षांवरच्या घरांची यादी काढता येईल. ग्रामसभेनं ती वाचावी, मालकाच्या संमतीनं नाव कायम करावं.

दुसरी, पहारा. पंचायत समितीकडे मातीचं, चुन्याचं, लाकडाचं काम शिकलेला एक अभियंता आणि गवंडी-सुतारांची एक तुकडी. एप्रिल-मेमध्ये यादीतल्या घरांवर एक फेरी. पन्हळ, कौल, वाळवी. तिथल्या तिथं होईल ते करायचं, उरलेल्याचा कागद द्यायचा. मालकानं साहित्याचे पैसे भरावेत. हिस्सेदार भांडत असले तरी गळणारं छप्पर बंद करायला एकाची सही पुरेल असा नियम करावा.

तिसरी, घरपट्टीत सूट. जुन्या घराची घरपट्टी आधीच कमी असते, त्यामुळे यात वाचतील ते काही शे रुपये, हे मला माहीत आहे. पण सूट मिळते तेव्हा घसाऱ्याच्या रकान्याशेजारी पहिल्यांदा एक चांगला शब्द लिहिला जातो. माजी सैनिकांना राज्य सरकारनं घरपट्टीत माफी दिलीच आहे. समाजानं ज्याचं देणं लागतो त्याला कर कमी, हे तत्त्व आपल्याला नवं नाही.

चौथी, साठ दिवस. यादीतलं घर पाडायचं असेल तर मालकानं ग्रामपंचायतीला साठ दिवस आधी कळवावं. बंदी नको, बंदी घातली की लोक रात्रीत पाडतात. त्या साठ दिवसांत घराचं मोजमाप घ्यावं, फोटो काढावेत, मालकाला दुरुस्तीचा अंदाज द्यावा. तरी पाडायचं असेल तर पाडावं. निदान लाकूडवाल्याच्या आकड्यासमोर ठेवायला दुसरा एक आकडा असेल.

अधिकाराचं म्हणाल तर तो आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे जे २९ विषय आहेत, त्यात ग्रामीण घरबांधणी आहे आणि सांस्कृतिक उपक्रमही आहेत. दरवर्षी 'आमचा गाव, आमचा विकास'चा आराखडा होतो. त्यात कमान येते, हायमास्ट येतो. शिडी आणि दोन माणसं का येऊ नयेत?

आमच्या घराचा निकाल अजून लागलेला नाही. लाकूडवाल्याचा नंबर थोरल्या चुलत्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहे. मी यंदा पन्हळ बदलून घेतली, चौघांना न विचारता, माझ्या पैशानं. खर्च पाच हजार सहाशे. तीन वर्षांपूर्वी केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता. माडीच्या खाली आलेल्या कोपऱ्याला दोन लाकडी टेकू दिलेत. पावसाळ्यापर्यंत ते धरतील असं सुतार म्हणतो, आणि तो सत्तरीचा आहे.

१ मेला ग्रामसभा असते. वरच्या चार गोष्टी एका पानावर लिहून मी अर्ज दिला आहे, विषयपत्रिकेवर घ्या म्हणून. कदाचित लोक हसतील. धाकटे चुलते तर आत्ताच हसतायत. तुमचंही गाव असेल, तिथं तुमच्या आजोबांचं असं एखादं घर असेल, ज्याचे फोटो तुमच्या फोनमध्ये आहेत आणि चावी कुणाकडे आहे ते तुम्हाला माहीत नाही. या सुट्टीत गेलात तर फोटो नंतर काढा. आधी शिडी लावून पन्हळ बघा. मग ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा घ्या आणि घराच्या वयाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. आमच्या उताऱ्यात तो रकाना रिकामा आहे.